फुटला का

जालन्यात आमच्या गल्लीमागं
लोखंड बारा महिने बोलतं.
लक्ष्मीपूजनाला तेवढी भट्टी थंड होते, मिलचं गेट बंद,
आणि माहेरी आलेल्या मला दरवर्षी वाटतं,
आता ऐकू येईल
नळाची खरखर, कांताबाईंच्या कढईतला अनारसा,
यंदा तर तीन महिन्यांच्या लेकीचा श्वाससुद्धा.

तेवढ्यात कोपऱ्यावर
पोरं सुतळी बॉम्बवर डालड्याचा डबा पालथा घालतात.

तावदानं हलतात. ताटातल्या करंज्या हलतात.
स्टँडवरच्या मोटारसायकली
एकीचं ऐकून दुसरी, केकाटायला लागतात.
लेक दोन्ही हात फाकवून दचकते,
जणू कुणी उंचावरून सोडलंय तिला.
मी तिच्या कानावर तळहात ठेवते.
तळहात केवढा, आवाज केवढा.
समोर दवाखान्याची पाटी, शांतता क्षेत्र,
तिच्याच खांबाला बांधलीय लड,
दहा हजारांची.

मी भांडायला उठते. चप्पल घालते.

आणि दारात अण्णा.
अंबादास सोनुने, रोलिंग मिल, एकतीस वर्षं
लालभडक सळईसमोर, कानात कापसाचा बोळा,
पुढं पुढं तोही नाही.
आधी चिमण्या गेल्या त्यांच्या,
मग कुकरची शिट्टी,
मग आई. म्हणजे आईचा आवाज,
आई नंतर गेली.

उरला होता एवढाच.
वर्षातून एक संध्याकाळ
नवी बनियन घालून दारात खुर्ची टाकायची,
हातात चकली, ती खायची नाही,
आणि कोपऱ्यावर धडाम् झालं
की पोरासारखं वळून मला सांगायचं,
"आला बग!"

काय सांगणार होते मी त्या पोरांना?
जरा कमी आवाजाचे आणा?
कमी म्हणजे किती,
आणि कुणाच्या कानानं मोजायचं?

चप्पल तशीच पायात.
वात सुरसुरली. पोरं पळाली.
लेकीला मी छातीशी गच्च दाबलं, तिचं तोंड
रडण्याआधीच उघडलेलं.
डबा विजेच्या तारांपर्यंत उडाला.
पाण्याच्या टाकीवरची कबुतरं
सगळीच्या सगळी अंधारात निघून गेली.

अण्णा कबुतरांकडं बघत राहिले.
मग माझ्याकडं.
"फुटला का गं?"

मी मान हलवली.

त्यांनी खुर्ची उचलली, आत आणली,
भिंतीला लावून ठेवली.
बाहेर खांबावरची लड
आत्ता कुठं पेटली होती.