कालचा मासा

वाल्दिव्हियाच्या धक्क्यावर माझा लिंबांचा गाडा,
माशांच्या रांगेत अगदी शेवटी, नदीकडे पाठ करून.
मागे पायऱ्यांवर समुद्रसिंह लोळत असतात,
आगंतुक पाहुण्यांसारखे,
डोकी-शेपट्यांची वाट बघत.

पहाटे पाचपासून इथे एकच शब्द ओरडतात: ताजा.
ताजा, बाई, फडफडीत, आत्ता होडीतून उतरलाय!
मंगळवारचा मासा शुक्रवारीही
आत्ताच होडीतून उतरलेला असतो.
याला खोटं म्हणत नाहीत.
हा आमच्या रांगेचा शिष्टाचार.

एदुविना वेन्चुमिलला ओरडताच येत नव्हतं.
नवरा दक्षिणेला गेला, सामनच्या पिंजऱ्यांवर कामाला,
गेला तो गेलाच,
आणि हे फळकूट तिच्या गळ्यात पडलं,
ज्या गळ्यातून आवाज म्हणून निघायचा
तो दाराच्या फटीतल्या वाऱ्याएवढा.
तीन महिने तिचा मासा मुकाट पडून राहिला.

मग एका गुरुवारी तिने पोराची शाळेतली पाटी आणली,
फोडून तीन तुकडे केले,
आणि खडूने लिहिलं:
आज.
काल, अर्ध्या भावात.
मांजरासाठी.

रांग आधी हसली.
दुपारपर्यंत हसू मावळलं,
कारण एका बाईने 'काल' वाचलं
आणि मान वळवून एर्मोखेनेसच्या कोंग्रिओकडे पाहिलं.
नुसतं पाहिलं. विचारलं काहीच नाही.

संध्याकाळी एर्मोखेनेस आला, रबरी एप्रन तसाच ओला.
म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा मारायचा तर मार, बाई,
पण तो उडून आमच्या पायांवर पडतोय."
ती खवले काढत राहिली.
"आवाज बसतो माझा," म्हणाली, "खडू बसत नाही."

खरं सांगतो, पहिला महिना वाईट गेला.
'काल' लिहिलेलं विकत घ्यायला
गिऱ्हाईकालाही हिंमत लागते,
चारचौघांत स्वतःची ऐपत उघडी पडते.
रोज सांजेला समुद्रसिंहांची चंगळ व्हायची.
मीही तेव्हा तिला वेडी म्हणालो होतो,
दोनदा, आणि दोन्ही वेळा मोठ्याने.

मग इस्पितळाची आचारीण आली, रोसाउरा,
हातात भला मोठा डबा.
"सूपला कालचाच लागतो मला," म्हणाली,
"चाळीस वर्षं ताज्याच्या भावाने घेतेय."
दोघी हसल्या. एदुविनाचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं,
खरखरीत, चाकू घासल्यासारखं.

जूनमध्ये वादळ आलं.
चार दिवस एकही होडी तोंडावरून बाहेर पडली नाही.
चारही दिवस रांग ओरडत होती: ताजा, आत्ता उतरलाय!
तिच्या फळकुटावर एकच पाटी:
समुद्र बंद आहे.
आणि ती मागे बसून मोजा विणत होती, राखाडी, पोराच्या मापाचा.
लोक आले, पाटी वाचली, रिकाम्या हाताने परतले.
जाताना दुसऱ्या कुणाकडे थांबले नाहीत.
एर्मोखेनेस त्या दिवशी लवकर गप्प झाला.

आता त्याच्याकडेही पाटी आहे, रंगवून घेतलेली, सुबक.
तिच्यावर 'आज' आहे. पुसता येत नाही.

आणि माझं म्हणाल तर
गाड्याखाली एक पाटी पडून आहे, तीन आठवडे, कोरी.
लिंबं बाहेरून सगळी सारखीच पिवळी,
पण हातात घेतलं की मला कळतं
कुठलं आतून कोरडं आहे.
कळूनही मी ते पिशवीच्या तळाशी सरकवतो,
वर दोन रसरशीत ठेवतो.
बापाने शिकवलेलं, त्याला त्याच्या बापाने.

काल एदुविनाने सूपसाठी सहा लिंबं मागितली.
मी सहा दिली, मग एक परत घेतलं,
दुसरं घातलं.
ती काही बोलली नाही.
पैसे मोजून ठेवले, आणि शेजारी
खडूचा एक तुकडा, बोटाच्या पेराएवढा.