डॅशबोर्डातली वही

गाडीबरोबर दोन किल्ल्या आल्या, एक जॅक,
आणि निळ्या पुठ्ठ्याची वही.
विकणारे नेवसे. गोडोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता.
म्हणाले, किमतीत हजार रुपये वहीचे धरलेत,
ते कमी होणार नाहीत.

मी पोस्टाची एजंट. शाहूपुरी, करंजे, वाढे,
दारोदार आरडीचे हप्ते गोळा करते.
आकड्यांच्या वह्या मला नव्या नाहीत.
पण ही वही अहो-जाहो करत होती :

‘ऑइल बदलले. ४१,२०७. पुढचे पाच हजारांनी.
दस्तगीर विसरेल. आपण विसरू नये.’

‘हवा पुढे अठ्ठावीस, मागे तीस.
मागचे डावे चाक लबाड आहे.
दर सोमवारी विचारपूस करावी.’

करते. पंपावरचा पोरगा लांबूनच ओरडतो,
आला बघा मावशींचा पेशंट.

‘डिसेंबरात सकाळी नुसती कटकट केली
आणि दिवे मंदावले, तर बॅटरी.
टोकांवर पांढरी बुरशी असेल. गरम पाणी, फडके, मग व्हॅसलीन.
दिवे लख्ख असून कटकट, तर स्टार्टर.
पान्याने दोन टोले, हलके.
धक्का मारायला शेजारी बोलावणे हा शेवटचा उपाय.
शेजारी लक्षात ठेवतात.’

मे महिन्यात पेट्रीच्या एका म्हातारीची ठेव पिकली
म्हणून यवतेश्वरचा घाट चढत होते.
तिसऱ्या वळणावर काटा लालकडे.
पान चौतीस :
‘एसी बंद. हीटर पूर्ण. काचा खाली.
वेडेपणा वाटेल. तरी करावा.
थांबल्यावर रेडिएटरचे झाकण उघडू नये, अर्धा तास.
ज्याला घाई आहे त्याने चालत जावे.’

भर उन्हाळ्यात हीटर लावला.
पायाच्या पोटऱ्या भाजल्या, पदर ओला झाला,
आणि काटा उतरला, नाखुशीनं,
थकलेला हप्ता द्यावा तसा.

त्या रात्री वही शेवटपर्यंत वाचली.

‘समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. काच पुसली.’
‘कडी आहेत. वायपरचे रबर बदलले.’
‘दस्तगीर म्हणतो, काच चांगली आहे, त्याला कडी दिसत नाहीत.
दुसरा मेकॅनिक पाहावा.’
मग अडीच महिने कोरे.
मग :
‘दहा मिनिटे सुरू ठेवली. कुठे गेलो नाही.’
‘दहा मिनिटे. कुठे गेलो नाही.’
अक्षर प्रत्येक ओळीत जरा मोठं,
रेघ सोडून खाली घसरलेलं.
पान आणि अर्धं.

परवा गोडोलीतून चालले होते.
वळायच्या आधीच ते फाटकाशी येऊन उभे.
काळा चष्मा, हातात ओला टॉवेल.
मी गाडी थांबवली, नाव सांगणार,
तर म्हणाले, बंद करू नका.
मान तिरकी करून ऐकलं.
आतून कुकरची शिट्टी झाली, तिला हातानं गप्प केलं.

मग म्हणाले, पट्टा चिरकतोय, फॅनचा.
आणि मागचं डावं?
बत्तीस भरते, म्हटलं, सोमवारपर्यंत सव्वीस होते.
हसले. लबाडच आहे.

वाढे फाट्यावर गाडी कडेला घेतली,
कोऱ्या ओळीवर माझ्या पेनानं लिहिलं :
‘फॅनबेल्ट. ८३,६४०.
निदान नेवसे यांचे, फाटकातून.’