कानाडोळा

पुएर्तो माँतच्या डॉक्टरने दिलेला चौकड्यांचा कागद
फ्रिजवर चिकटवलाय, खेकड्याच्या चुंबकाने.
रोज सकाळी एक डोळा झाकून बघायचं,
रेघा सरळ आहेत का.
मार्चमध्ये एक रेघ वाकली, भिजलेल्या फळीसारखी.
जूनमध्ये मधलं घर गेलं.
आता कागदाच्या मध्यावर कुणीतरी
ओलं बोट टेकवून ठेवलंय,
उचलतच नाही.

नोल्बेर्तो, तू विचारलंस, तिथे काळं दिसतं का?
काळं नाही रे. काळं असतं तर बोट दाखवता आलं असतं.
जिथे बघावं
तिथे बघणंच नसतं.

दाल्काहुएच्या बाजारात माझं तसं बरं चाललंय.
बटाटे बोटांना कळतात, काळ्या सालीचे, करंगळीएवढे वाकडे.
हजाराची नोट दोन हजारांच्या नोटेहून नखभर आखूड.
लोकरीचे रंग मात्र इर्माच्या मुलीला विचारावे लागतात.
ती कधी मुद्दाम चुकीचं सांगते आणि हसते.
हिरवे म्हणून विकलेले राखाडी मोजे
परत करायला अजून कोणी आलेलं नाही.

रोसाल्बा म्हणते, हिला फार शिष्टपणा आलाय,
चर्चच्या पायरीवर समोरून गेली, ओळखसुद्धा दिली नाही.
आणि त्याच दुपारी
बारियाच्या धाकट्याचा टोपलीत शिरणारा हात
मी डोळ्याच्या कोपऱ्याने पकडला.
तेव्हापासून बाजारभर एकच: एर्सिलिया सोंग करते.
काय सांगू त्यांना?
मधला खांब कुजला, वळचण तेवढी टिकली?
पांढरी काठी घेतली तर म्हणतील आंधळी,
मग घड्याळात बघितलं तर म्हणतील लबाड.
काठी दाराआड आहे.
अजून तिची घडी मोडलेली नाही.

तू पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग फासलास,
होडीचा उरलेला. न विचारता.
दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी भरतीचं पाणी खालच्या पायरीवर आलं होतं
आणि पाण्याखालची पिवळी रेघ
मला दिसली, हलताना.
तेही मी सांगितलं नाही तुला.

चाळीस वर्षं डोळ्याला डोळा भिडवून भांडलो आपण.
आता सरळ बघितलं की तू जातोस.
नाक जातं, मिशी जाते, टोपी तेवढी उरते
आणि टोपीखालून आवाज येतो, चहा टाकू का?
मग मी नजर चुकवते.
तुझ्या डाव्या कानावर डोळा ठेवते,
गळाने पाळी फाटलेल्या त्या कानावर,
आणि चेहरा कडेकडेने परत येतो,
उशिरा घरी आलेल्या माणसासारखा, बूट हातात घेऊन.
याला कानाडोळा म्हणू नकोस.
इतकं नीट मी तुला लग्नातही बघितलं नव्हतं.

परवा बोलता बोलता
तू जरासा बाजूला सरकून उभा राहिलास.
म्हणजे तुला कळलंय.
बरं. पण इतका सरकू नकोस,
तिथे मागे खिडकी आहे,
उजेड आला की
कानही दिसत नाही.