रकाना सातवा

पहाटे पाच चाळीस. भाऊच्या धक्क्याबाहेरचा फुटपाथ.
बर्फाच्या हातगाडीतून सांडलेला चुरा
काळ्या पाण्यात, खवल्यांत मिसळून
लादीवर काचेसारखा बसला होता.
माझ्या आधी तो माझ्या डाव्या चपलेला कळला.

पडताना माणूस विचार करत नाही म्हणतात.
मी केला. म्हटलं, पापलेटची पिशवी वर धर.

मग आभाळ. दिव्याच्या खांबावर एक घार.
आणि पडणाऱ्यालाच ऐकू येते अशी शांतता.
दुखणं नंतर आलं, आधी लाज आली:
पटकन उठायचं, पँट झटकायची,
कुणी विचारायच्या आत
"काही नाही, काही नाही" म्हणून हसायचं.

भानुमती तांडेलनं डोक्यावरची पाटी उतरवली.
"उठू नको रं लगेच.
पयला बघ, काय काय हलतं."
बोटं हलली. मान हलली. उजवा पाय हलला.
डाव्यानं ओ दिली नाही.
"रुसलाय तो. वढू नको त्याला."
गाडीतून तिनं ओंजळभर बर्फ घेतला,
कमरेचा पंचा सोडून त्यात बांधला, घोट्यावर दाबला.
"यानंच पाडला ना? आता यालाच लाव कामाला."

गाडीवाला पोरगा, इद्रीस, हँडल धरूनच उभा.
"चाचा, ताडपत्री फाटलीय. सेठ नवी देत नाही.
कुठं लिहू नका, चाचा."

लिहू नका.

मी एकतीस वर्षं लिहीतच होतो.
इथून सात मिनिटांवर, गोदीच्या कचेरीत, दुसरा मजला,
नुकसानभरपाईचं टेबल.
रकाना पाचवा, साक्षीदार. सहावा, जागेची स्थिती.
सातवा, अपघाताचे कारण.
सातव्यात मी निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहायचो
"स्वतःचा निष्काळजीपणा".
पुढेपुढे तर हाताला विचारावं लागत नसे.

धोंडू सखाराम गुरव, हमाल, सत्याऐंशी साल.
कोळंबीच्या खोक्यांपाशी घसरला,
चार दिवस घरी बसला, आपोआप बरं होईल म्हणून,
आणि पाचव्या दिवशी कुणाच्या तरी छत्रीवर भार देत जिना चढला.
साक्षीदार? नाही. फोटो? नाही.
"बर्फ होता साहेब."
मग दाखव की.
"तो वितळला, साहेब."
टेबलावर आम्ही चौघं हसलो होतो.
त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं,
म्हणून तोही हसला.

"इद्रीस," मी म्हटलं, "फोन काढ.
या जागेचा फोटो घे. माझी चप्पल येऊ दे त्यात.
फाटक्या ताडपत्रीचा वेगळा.
तुझं नाव नाही घालत. तुझ्या सेठचं सांग.
लवकर कर, ऊन येईल."
ऊन यायलाच लागलं होतं, बोटींच्या डोलकाठ्यांमधून,
सावकाश, कुणाची तक्रार नसल्यासारखं.
पोराचा हात थरथरत होता, पहिला फोटो हलला.
दुसऱ्यात लादी होती, चप्पल होती,
आणि कडेला, ओळखू येईल न येईल इतपत,
तो.

खिशातल्या विजेच्या बिलाच्या पाठीवर
मांडीवर धरूनच रकाने आखले. सवय जात नाही.
साक्षीदार: भानुमती तांडेल, माझगाव. मोबाइल नंबर तिनं दोनदा चुकीचा सांगितला,
मग पदरातून फोन काढून मलाच दिला, बघ म्हणाली.
जागेची स्थिती लिहिली.
सातव्यापाशी हात आपल्या जुन्या वाटेनं निघाला,
'स्व' उमटलासुद्धा.

तो खोडला. घोट्याखालून पाणी ठिबकत होतं,
पंचा अर्धा रिकामा झाला होता.
लिहिलं: "बर्फ होता."

"झाला का तुझा लिवून?" भानुमती म्हणाली.
"आता कुशीवर हो. मग गुडघा. मग हात दे दोनी.
वास लागंल हां माशाचा."

पिशवीतलं पापलेट तसंच होतं, डोळे उघडे.
मी दोन्ही हात दिले.