बेलचा

रविवारी सकाळी मी आणि फेगडे
भुसावळच्या फलाटाच्या त्या टोकाशी
जिथे छप्पर संपतं आणि पाटी बजावते
की प्रवाशांनी इथून पुढे जाऊ नये.
दुर्बीण त्याच्याकडे, वही माझ्याकडे.
खंडव्याकडून मालगाडी येते, एकोणसाठ वाघिणी,
तो इंजिनाचा नंबर ओरडतो, मी उतरवते,
मग आम्ही भांडतो: शेवटचा आकडा तीन होता की आठ.
केळीवाला विचारतो, कुठं जायचंय ताई?
कुठेच नाही.
तो बघतो आमच्याकडे
आई माझ्या कपाटाकडे बघते तसा.

कपाटात
पाचोरा-जामनेरची पुठ्ठ्याची तिकिटं,
शेंदुर्णी ते पहूर, कोपरा चिमट्यानं कुरतडलेला.
त्या छोट्या गाडीत मी एकदाच बसले, नववीत,
आणि मावशीच्या हळदीला पोचले ती लग्नाच्या दिवशी.
टोकनचा गोळा. हातकंदील,
लाल काच शाबूत, हिरवी तडकलेली.
एक्काहत्तर सालचं वेळापत्रक,
ज्यातली पॅसेंजर मी झोप न आलेल्या रात्री चालवते,
प्रत्येक स्टेशनावर दोन मिनिटं थांबवत.
आणि बाहेर, भिंतीवर, बेलचा:
वाफेच्या इंजिनावरच्या फायरमनचं फावडं.
भंगारवाल्यानं काट्यावर दोनदा टाकलं,
मी आधीच ‘घेते’ म्हणून चुकले होते.
महिनाभर पॉलिश पेपर, मग खोबरेल.
आता त्यात माझा चेहरा दिसतो, जरा लांबट.

सिकंदर तडवींना फेगडेच घेऊन आला.
ऐंशी कधीच ओलांडलेली, सगळी नोकरी लोको शेडची.
मी प्रश्न लिहून ठेवले होते:
चढाला वाफ कशी राखायची,
कुठल्या इंजिनाची शिट्टी कशी वाजायची,
शेवटचं इंजिन शेडमधून गेलं तेव्हा काय वाटलं.
‘सुटलो, असं वाटलं,’ म्हणाले.
‘मे महिना, भाहेर सेहेचाळीस, अन् पुढ्यात उघडी भट्टी.
आवड फलाटावरून व्हते, पोरी.’
रेकॉर्डर चालूच राहिला.
प्रश्नांच्या कागदाची मी घडी घातली,
मग घडीची घडी.

तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली.
‘हे काहाले टांगलं वं?’
उतरवून घेतलं, दांडा दोनदा तोलला,
एक पाय आपोआप पुढे सरला, गुडघे सैल,
आमची फरशी हलत असल्यासारखे उभे राहिले.
पात्याला नाक लावून हुंगलं.
‘खोबरेल!’
तोंड वाकडं. मग एकदम:
‘घरात वांगे हायेत का?’

होती. बामणोदची, हिरवी, आईनं कालच आणलेली.
गच्चीवर कपाशीच्या काड्या पेटल्या,
बेलचा जाळात गेला, चार वांगी रांगेनं,
आणि मनगटाच्या एका झटक्यात चारही उलटली.
‘वरणगाव सुटलं की ठेवायचे,
बोदवडले सिग्नल पडेस्तोर साल सुटे.
डिसोजा डायवर मिठाची पुडी आणे,
अन् तेवढ्यावर अर्धा हिस्सा मांगे.’
फेगडे हसता हसता धुरानं खोकायला लागला.
आई कळण्याच्या भाकरी घेऊन वर आली
आणि रेल्वेबद्दल आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला:
मीठ ठेचताना घालायचे, की नंतर?

आम्ही जेवत असताना आउटरला कुणीतरी खोळंबलं होतं,
लांब, वैतागलेली शिट्टी.
फेगडेनं कान टवकारले.
वही खालीच राहिली होती.

पातं काळं झालंय, एका कडेला निळसर झाक.
तडवी जाताना ते खिळ्यावर न टांगता
दाराशी, केरसुणीशेजारी टेकवून गेले.
सोमवारी मी पॉलिश पेपर काढला,
चौकोनी फाडला,
आणि त्यानं कंदिलाचा गंज घासला.

आई विचारते, येत्या रविवारी वांगी आणू,
की तुम्ही नंबर उतरवायला जाणार?

सकाळी नंबर, म्हटलं.