न गळणारी गाडी

विकताना मी म्हणालो होतो, गळत नाही.
पुंता अरेनासमध्ये असं म्हणायला छाती लागते.
इथे पाऊस वरून पडत नाही,
आडवा येतो, सामुद्रधुनीवरून,
वाऱ्याच्या पाठकुळी बसून.

नेवेंकानं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
प्यूजो चारशेचार, एकाहत्तरची,
रंग एकेकाळी पिस्त्याचा, आता कशाचाच नाही.

तीन हिवाळे ती काही बोलली नाही.
चौथ्यात दारात उभी राहिली
काखेत रबराचं काळं वेटोळं घेऊन,
ब्वेनोस आयरेसहून बसनं आलेलं,
अजून पांढरी भुकटी लागलेलं.
म्हणाली, हे एकटीचं काम नाही. चल.

आधी काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्या काढल्या.
काढल्या म्हणजे त्यांची मनधरणी केली.
स्टीलची पट्टी एकदा दुमडली
की ती घडी तिच्या मनातून जात नाही.
लाकडी पाचर, थोडं तेल,
आणि शिवी ओठांवर आली की हात थांबवायचा.
तरी कोपऱ्यातली छोटी जोडपट्टी उडालीच
आणि तिच्या कुत्र्यानं ती कुठेतरी नेली.

मग जुनं रबर.
रबर म्हणायचं ते जुन्या ओळखीखातर,
सुरी लावली की मुळ्यासारखं कडकन मोडत होतं.
त्याखाली आमच्या सगळ्यांची शहाणपणं थरांनी:
कुणीतरी ओतलेलं डांबर,
त्याआधीच्या कुणाची लांबी, खडूसारखी झालेली,
पोर्वेनिरच्या बोटीचं एक तिकीट, घडी घालून फटीत कोंबलेलं,
आणि सगळ्यांच्या वर, खालच्या डाव्या कोपऱ्यात,
पांढरं सिलिकॉन.

सिलिकॉनवर अंगठा दाबलेला होता.
मधून तिरपी एक रेघ गेलेली,
मेंढ्या कातरताना माझ्या अंगठ्यावरून गेली होती तशी.
नेवेंकानं ते बघितलं.
मग माझ्या हाताकडे बघितलं.
मी हात खिशात घातला, जणू थंडीच वाजत होती.
थंडी होतीही.

ती म्हणाली, "खरवड."

खरवडलं.
खाली पत्रा भिजल्या बिस्किटासारखा,
तीन बोटं सहज आत गेली.
त्याला ठिगळ, मग रंग, मग तो वाळायची वाट,
असे दोन दिवस.
दोन्ही दिवस येर्बाचा पहिला तुंबा तिनं मला दिला.
तो सर्वात कडू, देणाऱ्यानं स्वतः प्यायचा असतो,
पाहुण्याला कुणी देत नाही.
मी मुकाट्यानं प्यायलो, तळापर्यंत.

तिसऱ्या दिवशी काच.
काचेला नवं रबर चढवलं,
खाचेतून सगळीकडे दोरी फिरवली,
टोकं आत सोडली, वर साबणाचं पाणी.
मी आत सीटवर, दोरी ओढायला,
ती बाहेर, दाबायला.
मी जिथे ओढेन तिथेच तिनं दाबायचं,
एवढंच या कामातलं गुपित,
नाहीतर रबराचा ओठ आत वळतो नि सगळं पहिल्यापासून.
तिचे तळवे काचेवर, माझ्या तोंडासमोर,
दाबून दाबून पांढरे पडलेले.
चुकले नाहीत. एकदाही नाही.
फट्, फट्, फट्,
इंचाइंचानं ओठ पत्र्यावर उलगडत गेला
आणि शेवटचा कोपरा बसला तेव्हा
वारा बंद झाला.

बाहेर झाडं वाकलेलीच होती.

पट्ट्या बसल्या. एक कोपरा तेवढा बोडका,
कुत्र्याच्या मर्जीवर.

मी दार उघडायला गेलो तर तिनं मान हलवली.
बस तिथेच.
नळी आणली, तोटी पूर्ण सोडली.
पाणी काचेवर आदळलं, तिचा चेहरा वितळून गेला.
ती काहीतरी बोलली. ओठ हललेले दिसले.
जुन्या रबरातून ऐकू आलं असतं.

मी डाव्या कोपऱ्याखाली तळहात धरला.
एक मिनिट. दोन.
हात कोरडा. तो काचेला लावून तिला दाखवला,
अंगठ्यासकट.

तिनं बघितलं,
आणि नळी चालूच ठेवली.