राखण

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला
प्लेटिंगचा कारखाना बंद पडून सोळा वर्षं झाली.
पत्रे गेले, दारं गेली, हौदाच्या विटासुद्धा कुणी नेल्या.
कुणी नेली नाही ती माती:
उन्हात पोपडे धरणारी, पोपड्याखाली पिवळी,
कुठल्या लग्नाची हळद सांडून राहिल्यासारखी.

तिथं मी राखणदार आहे.
राखायचं काय, तर तण.

कॉलेजच्या कलशेट्टी मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"अंबादास, इथं आपण काही पेरायचं नाही.
आपणहून जे आलंय, तेच वाढू द्यायचं."
आपणहून आली होती वेडी बाभूळ,
तरवड, ओलीच्या कडेला पाणकणीस,
काटेमाठ, पोरं काठीनं झोडतात ती रुई,
आणि घोळ, लालसर देठाची,
जमिनीला पोट लावून पसरलेली.
कुणी बोलावलं नव्हतं. मजुरी कुणी ठरवली नव्हती.

मुळं खाली जातात, पाण्याबरोबर
क्रोमियम ओढून घेतात, निकेल, थोडं शिसं.
काही मुळातच धरून ठेवतात, काही पानापर्यंत चढवतात.
बाहेरून काही दिसत नाही.
पान हिरवं ते हिरवंच.

म्हणून राखण.
हुसेनीबीच्या शेळ्या कुंपणाखालून घुसतात,
बाभळीच्या शेंगांचा वास त्यांना रेल्वे लाइनच्या पलीकडून येतो.
मी काठी आपटतो. ती लांबूनच ओरडते,
"काय बे, सोनं पेरून ठेवलंय काय तुझ्या बापानं?"

बावीस वर्षं माझा नायना ह्याच हौदांवर वाकला होता.
सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, मागाचे सुटे भाग
काळे बुडवायचा, चमकते काढायचा.
त्याच्या नाकातला मधला पडदा आधी दुखला,
मग दुखायचा थांबला,
मग तिथं भोक पडलं.
एका नाकपुडीतून सुताचा धागा घालून
दुसरीतून काढून दाखवायचा.
आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.
पुढं पुढं घरात काही करपलं
तरी तो चुलीशेजारी तसाच बसून असायचा.

बी धरायच्या आत आम्ही सगळं उपटतो, मुळासकट.
हातमोजे घालून. वजन, वाळवण, परत वजन.
मॅडमच्या भट्टीत पोतंभर घोळीची
मूठभर राख होते.
डब्यावर चिठ्ठी: तारीख, वाफा, ग्रॅम.
झाकण मेणानं बंद. कपाटाला कुलूप.
ही राख भांडी घासायला नाही,
उकिरड्यावर नाही,
पाण्याच्या आसपास तर नाहीच.

नायनाची राख आम्ही सीनेत सोडली.
गुडघाभर पाण्यात उभं राहून, मडकं तिरपं करून.
खालच्या अंगाला कुणी म्हैस धूत होतं.
चिठ्ठी नव्हती. ग्रॅम कुणी विचारले नाहीत.

मॅडमना मी विचारलं,
इथं ज्वारी कधी येईल?
त्यांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला.
"तुमच्या नोकरीत नाही. माझ्याही नाही."
गोड बोलल्या नाहीत, बरं वाटलं.
त्या गेल्यावर पाणकणसाच्या पात्यावर
एक चतुर येऊन बसला.
गेल्या साली नव्हता.
वहीत त्याला रकाना नाही, मी समासात लिहिला.

अम्मा घोळीला गंगवायली म्हणते, डाळीत घालते.
काल मंगळवार बाजारातून जुडी घेऊन आली.
मी एक देठ मोडून नाकाशी धरला.
ओला, आंबट, मातीचा वास.
परत घेतला.
कुणाच्या रानातली, असं ओठावर आलं होतं.
ती निवडत बसली होती, मान खाली घालून,
एकेक पान उजेडाला धरून.